कालिंदीबाईंचं उद्यापन

यज्ञेश्वर पाटणकरांना मंगलागौरीच्या गल्लीत ‘चाँदवाले मास्टरसाहब’ म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि चेष्टाच जास्त. त्यांनी काशीत जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पण जीव सगळा चंद्रावर. माणूस तिथे उतरल्याचं त्यांनी पोरवयात रेडिओवर ऐकलं होतं. बहात्तरनंतर तिकडे कोणी फिरकलं नाही, याचं दुःख ते घरचं माणूस गेल्यासारखं करत.

२००४ साली अमेरिकेच्या सरकारनं जाहीर केलं, की २०२०पर्यंत माणूस पुन्हा चंद्रावर जाणार. मास्तर हर्षानं वेडे झाले. त्यांचा तो आनंद पाहून कालिंदीबाईंनी संकष्टी धरली. ‘माणूस उतरला आणि यांनी ते पाहिलं, की उद्यापन,’ असा संकल्प सोडला. सरकारनं साल दिलंय म्हणजे पंचांगात ग्रहण दिल्यासारखंच, ते चुकायचं नाही, अशी त्या भोळ्या बाईची समजूत. शिकल्यासवरल्या मास्तरांचीही तीच, याला काय म्हणावं!

तिकडे अध्यक्ष बदलला, योजना रद्द झाली. पुढच्यानं ती पुन्हा काढली आणि २०२४चा वायदा केला. मग कधी यान तयार नाही, कधी पोशाख. मास्तर चहा पीत अमेरिकेला शिव्या घालत आणि आत बाई उपाशी. उद्यापनाशिवाय व्रत सोडायचं तरी कसं?

साखरेनं बाईंची नजर अधू झाली. एका चतुर्थीला गच्चीवर चंद्राची वाट पाहता पाहता त्या कोसळल्या. डॉक्टरनं बजावलं, “माताजी, अब एक भी उपवास नहीं.”

मास्तरांनी हात जोडले, तरी बाई ऐकेनात. “गणपतीला दिलेला शब्द फिरवू? मी काय अमेरिकेची प्रेसिडेंट आहे?”

२०२४च्या डिसेंबरात बातमी आली, उतरणं २०२७वर ढकललं. जगाची खबर बाईंना मास्तरांच्याच तोंडून कळायची. मास्तरांनी पेपर उघडला.

“अगं, उतरले. काल उतरले.”

“खरंच? किती जण?”

“दोघं. त्यात एक बाई आहे.”

कालिंदीबाई ढसाढसा रडल्या. “तुम्हाला पाहायला मिळालं, बस. हेच मागितलं होतं हो मी.”

पुढच्या संकष्टीला गुरुजी आले, मोदक झाले, जोडपं जेवू घातलं. धुक्यात चंद्र कसाबसा दिसला. मास्तरांनी बाईंचा हात धरून त्या दिशेला अर्घ्य देवविलं. कितीतरी वर्षांनी बाई निवांत जेवल्या.

बायको वाचली, यात समाधान मानायला हवं होतं. ते मानता येईना. उद्या खरोखरच कोणी तिथे उतरलं, तर ही बातमी धावत जाऊन सांगावी असं त्यांना जगात एकच माणूस होतं, आणि आता तिलाच ती कधी सांगता येणार नव्हती.