फूल पडू नये म्हणून

संध्याकाळी बायकोनं माझ्या डोळ्यात औषध टाकलं, हेच आमचं दोघांचं शेवटचं काम. सोयाबीनच्या मळणीत कुटाराची, म्हंजे भुशाची काडी उडून बुबुळाले जखम झाली होती. शेजारीण म्हणाली, बाळंतिणीचं दूध टाका. बायको म्हणे, "काऊन वो, हे काय तान्हं लेकरू हाय?" अन् मले मलकापूरले डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, थेंब चुकवले तर फूल पडेल, मग दिसणार नाही. मले स्वतः टाकता येत नसे. डोळा मिटून जाई.

त्याच रात्री ती झोपेत गेली.

सकाळी घर माणसांनी भरलं होतं. औषधाची वेळ झाली. आमच्यात सून सासऱ्याच्या अंगाले हात लावत नाही. मी शिशी सुनेपुढे धरली, म्हणालो, "सूनबाई, रीत बाजूले राहू दे. थेंब टाक." तिनं पदर सावरला अन् टाकले.