चिंचोक्याच्या खळीचा पडदा

विश्रामबागच्या कॉलेजात धनाजीने बावीस वर्षं काचेची भांडी विसळली. कागदावर तो प्रयोगशाळा परिचर, पण हाक ‘धनाजी, चहा सांग’ अशीच यायची. प्रियदर्शनी मॅडम पीएचडीला आल्या आणि तो ‘धनाजी मामा’ झाला. हाक तेवढी बदलली, कामं तीच राहिली.

मॅडमना बॅटरीतला पडदा करायचा होता. बॅटरीच्या दोन बाजूंच्या मध्ये असा एक पातळ पडदा लागतो. काही कण त्यानं पलीकडे जाऊ द्यायचे, बाकीचे अडवायचे. बाहेरून मागवलेला पडदा परवडत नाही, म्हणून मॅडमनी चिंचोक्यांचं पीठ धरलं होतं. शिजवायचं, रसायनं मिसळायची, काचेवर ओतून वाळवायचं. दोन वर्षं त्यांचा प्रत्येक पडदा उजेडात धरला की नुसती चाळण. आणि सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी सगळी मेहनत पाण्यात.

धनाजीला मनातल्या मनात हसू यायचं. आटपाडीकडे त्याचे वडील मागावर घोंगड्या विणायचे आणि आई, सुलाबाई, लोकरीच्या सुताला कडकपणा यावा म्हणून चिंचोक्यांची खळ शिजवायची. तिच्या खळीत कधी गाठ दिसली नाही. एक दिवस त्याला राहवलं नाही.

“मॅडम, गरम वतू नका. फडक्यातनं गाळा, वरनं वल्लं फडकं टाकून रातभर ठिवा. बुडबुडं सगळं वर येत्यात. सकाळी वरचा थर काढून मग वता. आन वाळताना पंखा नगं.”

दोन दिवसांनी काचेवरून पडदा निघाला तो अखंड. मॅडमनी तो खिडकीशी चार वेळा उलटसुलट करून बघितला.

“मामा, हे कुठं शिकलात?”

आईचं नाव अगदी ओठावर आलं होतं. पण घोंगडीवाल्याचं पोर म्हणवून घ्यायची त्याला लाज वाटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला शहाणा समजत होतं. तो म्हणाला, “आमचं आमीच. इतक्या वर्साचा हात हाय.”

मॅडमनी वहीत त्याचं नाव लिहून घेतलं. “पीएचडीच्या शेवटच्या मुलाखतीला सगळ्यांसमोर तुमचं नाव घेणार बघा,” म्हणाल्या.

वर्षभरानं तो दिवस आला. धनाजीने आदल्या दिवशी जाऊन आईला एसटीनं आणलं. म्हातारीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तिला मागच्या बाकावर बसवून तो पाण्याचा ट्रे घेऊन उभा राहिला. परगावचे परीक्षक आले होते. त्यांनी पडदा उजेडात धरला आणि इतका सफाईदार कसा जमला म्हणून विचारलं.

“पुष्कळ प्रयोग केले, सर,” मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. एवढं इंग्रजी धनाजीला कळायचं.

मग आभार झाले. मार्गदर्शक, प्राचार्य, आईवडील, सासरची मंडळी, आकृत्या काढून देणारी मैत्रीण. यादी संपली आणि टाळ्या पडल्या. धनाजीचा जळफळाट झाला. तोच मॅडमनी हसत त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला, वाटायला. त्यानं तो वाटला.

परतीच्या एसटीत आईनं विचारलं, “तुजं नाव घेतलं न्हवं?”

“घेतलं की. विंग्रजीत भरभर बोलत्यात, तुला कळलं नसंल.”

“व्हय. पर त्यो पडदा म्या वळाखला. आपली खळ हाय ती.” मग जरा लाजतच म्हणाली, “आन माजं घेतलं का रं?”

स्वतःपुरतं खोटं त्याला सहज जमलं होतं. आईच्या नावाचं खोटं जड जात होतं. टाळ्या पडल्यापासून तो मॅडमना मनातल्या मनात शिव्या घालत होता, त्यातली एकही आता त्याला मॅडमची वाटेना.

“तुजं तर आदी घेतलं, आये,” तो म्हणाला.

“मग खा,” म्हणत सुलाबाईनं पदराची गाठ सोडून आपला पेढा त्याच्या हातावर ठेवला. वाटेतला भिवघाट मागं पडला तरी तो तसाच त्याच्या हातात होता.