पाव्हण्याची चौकशी केली न्हाय

माझ्या लेकीची सोयरीक उमरग्याकडं जमली, तवा म्या तीन गावं फिरलो. पोरगा पितो का, कुणाशी भांडतो का, समदं इचारलं. त्यांच्या गोठ्यातली जनावरंसुदिक बघून आलो. आन गावातल्या लेकरांना शाळेत न्यायला रिक्षावाला ठरवला, तवा कुणालाच काय इचारलं न्हाय.

शाळेच्या समितीत म्या व्हतो. शिक्षण चौथी, पण माझा शब्द चालायचा. रिक्षावाला माझ्या बहिणीच्या सासरकडचा, नवीनच आमच्या गावात ऱ्हायला आलेला.

बायको म्हणली, "अवो, आधी ज्या गावात व्हता, तिथं इचारा की."

"पाव्हण्याची चौकशी करू? बहिणीला तोंड कसं दावू?"

"लेक द्यायची म्हणून तीन गावं हिंडलाव. ह्या बी लेकीच हायत्या."

"तुला काय कळतंय माणसातलं!" म्हणलो आन सही ठोकली.

सहा महिन्यांनी दोन घरं सोडून ऱ्हाणारी दुसरीतली पोरगी रिक्षात बसंना. रोज पोट दुखायचं तिचं. समदे म्हणले, नखरे करती. बायकोनं तिला जवळ घेऊन इचारलं, आन तिच्या आईला घेऊन सरळ पोलिसात गेली. तिथं कळलं, रिक्षावाला लेकरांवर हात टाकायच्या ह्याच गुन्ह्यात दुसऱ्या जिल्ह्यात सजा भोगून आलता.

बहिणीच्या दिराला ठावं व्हतं. मला म्हणला, "घरातलं आपण होऊन कसं सांगावं, पाव्हणं? तुम्ही इचारलं आसतं, तर सांगितलं आसतं."

परवा हाटेलात एकानं पेपर वाचून दावला. लेकरांवर अत्याचार करून सजा झालेल्यांची देशभराची यादी शाळांनाबी बघता यावी, आसा कायदा करा म्हणून मागणी हाय.

त्यो म्हणला, "तात्या, यादीत नाव आलं तर त्याच्या बायकापोरांनी तोंड कुठं लपवावं?"

"आमच्या शेजारच्या पोरीनं कुठं लपवलं, ते इचार आधी," म्या म्हणलो. चहा तसाच सोडून उठलो.

कायदा यावाच. पण खरं सांगतो, तवा यादी हातात आसती तरी म्या उघडली नसती. पाव्हण्याचं नाव तिच्यात कोण हुडकतंय?

बायको गेल्या साली गेली. शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसून म्हणलं, "चुकलं माझं."

"मला काय सांगताय? तिला सांगा."

ती शेजारची पोरगी आता धाराशिवला कॉलेजात जाती. सकाळी फाट्यावर येष्टीची वाट बघत उभी आसती. मला बघून म्हणती, "बसा की, आजोबा." म्या बसतो. येष्टी येती, ती जाती. अजून सांगितलं न्हाय.