वहीत नसलेली खिडकी

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तुमच्या आईला तर नाहीच. तुम्ही दूर आहात म्हणून लिहायला धीर होतोय — की समोर बसून सांगता आलं नसतं, म्हणून?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, लग्नाआधी, मी पाचगणीच्या एका शाळेत संगीत शिकवत होते. शाळेत मैफलीचा मोठा पियानो होता. तिथल्या पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी धरते. म्हणून पियानोखाली दिवसरात्र विजेचा दिवा जळायचा आणि कोपऱ्यांत पराती भरून कळीचा चुना ठेवलेला असायचा — तो हवेतली ओल पितो. खड्यांचं पीठ झालं की बदलायचा. ते काम शाळेतल्या शिपाई रुक्मिणबाईंचं. भिंतीवरच्या ओल मोजणाऱ्या तबकडीवरचा आकडा रोज वहीत लिहिणं माझं.

आणि खिडकी उघडायची नाही, हा नियम.

मी उघडत होते. रोज, दुपारी चारला. समोरच्या बंगल्यात एक तरुण फुफ्फुसाच्या दुखण्यातून बरा होत होता. मी वाजवायला लागले की शाल गुंडाळून व्हरांड्यात यायचा. आम्ही कधी बोललो नाही. त्याचं नाव मला माहीत नाही — आणि तरी, तशी माझी वाट पुन्हा कुणी पाहिली नाही. अजून इथे सांगलीत आभाळ भरून आलं की चार वाजता माझी बोटं हलतात.

“आवं बाई, ढग आत याय लागलाय,” रुक्मिणबाई म्हणायच्या. “चुन्याचं दोन दिसांत पीठ हुतंय. त्या शालवाल्याला म्हणावं, हितंच येऊन बस.”

मी हसायचे. खिडकी तशीच.

दसऱ्याआधी तो बरा होऊन आपल्या घरी गेला. मग मुंबईहून पियानोचे सूर लावणारे आले. पट्ट्या फुगून अडकलेल्या, तारांना गंज, आतली मोठी फळी चिरलेली. मुख्याध्यापिकांनी माझी वही मागवली. मी किती टापटिपीची, तुम्हाला ठाऊक आहे. एक दिवस सुटलेला नव्हता, एक आकडा खोटा नव्हता. ओल चढतच गेलेली. म्हणजे चुना वेळेवर बदललाच नाही, असं त्या म्हणाल्या.

खिडकीचा रकाना वहीत नव्हता.

रुक्मिणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बोलू शकल्या असत्या. बोलायचं तर मी होतं, नाही का? मी वही मिटली.

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. गाठोडं घेऊन निघताना दाराशी थांबल्या. “खिडकी लावून घ्या, बाई.”

मी लावली. लावण्याआधी एकदा बाहेर पाहिलं — समोरच्या रिकाम्या व्हरांड्याकडे. रस्त्यानं जाणाऱ्या त्यांच्याकडे नाही.