माझ्या वाटणीचं अंडं

"टीबी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि शेजारी बसलेल्या आत्तीने पदर तोंडाला लावला. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. टीबी म्हणजे ट्युबरक्युलोसिस, आपला क्षय. जंतू फुफ्फुसात घर करतो आणि माणूस आतून वाळत जातो.

खोकला भातलावणीपासूनच होता. पण कन्नड मुलखातल्या आमच्या कुंभारवाडा भागात आजाराला सुगी होईपर्यंत थांबायला सांगायची पद्धत आहे. मीही सांगितलं. खोकला थोडाच ऐकतोय? वजन छत्तीस किलोवर आलं, खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा कुठे नवऱ्याने मला बसमध्ये बसवलं.

माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली. माझी पाच वर्षांची चंपा, रोज माझ्या कुशीत झोपणारी. डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये बोलत होत्या. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, पूर्ण बरी होशील. चंपाला तपासून आजार होऊ नये म्हणून वेगळी गोळी दिली. लघवी केशरी होईल, घाबरू नकोस, हेही आधीच सांगितलं. बरं झालं सांगितलं, नाहीतर मी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या असत्या. तुम्हीही करू नका.

आशा कार्यकर्ती सुमित्राक्काने आधार कार्ड आणि पासबुक मागितलं. टीबीच्या माणसाला खाण्यासाठी सरकार पैसे देतं, महिन्याला हजाराच्या हिशेबाने, थेट खात्यात, असं म्हणाली. मी मान डोलावली, विश्वास मात्र ठेवला नाही.

आमच्या वाडीत फोनला रेंज नाही, मेसेज बघायला वरच्या माळावर चढावं लागतं. एका संध्याकाळी नवरा तिथून धावतच खाली आला. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, एकदम जमा झाले होते. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण माझ्या नावावर आलेले हे पहिले पैसे! मी मेसेज तीनदा वाचून घेतला. हसू नका, पण त्या दिवशी मला आजाराचाच थोडा अभिमान वाटला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही रामनगरला गेलो. ते माझं माहेर, तिथला बाजार मला पाठ आहे. शेंगदाणे, गूळ, डाळ आणि अंड्यांचे दोन ट्रे घेतले. आमच्याकडे घरच्या कोंबडीची अंडी कुणी खात नाही, ती पिल्लांसाठी खुडूक कोंबडीखाली बसवायची असतात. त्यामुळे विकतची अंडी म्हणजे चैनच. घाटातल्या वळणांवर मी ट्रे मांडीवर बाळासारखे धरून बसले आणि एकही फुटू दिलं नाही.

मग चूक झाली, ती माझीच. घरात आलेलं सगळं एकाच भांड्यात शिजतं आणि वाढणारी शेवटी बसते. वाढणारी मीच. चंपाला एक, नवऱ्याला एक, दिराला दोन. त्यात मला बघायला येणारी माणसं. घरासमोरच्या खळ्यातूनच विचारपूस करायची, पण रिकाम्या तोंडी कशी पाठवणार? त्यांना माझ्याच अंड्यांची पोळी. मला रस्सा उरायचा. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

गोळ्या सुरू केल्यापासून दोन महिन्यांनी दवाखान्याच्या काट्यावर उभी राहिले. काटा छत्तीसवरच. थुंकीतही जंतू अजून होतेच. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. ड्रग रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला न जुमानणारा जंतू, आहे का ते बघायला नमुना पुन्हा पाठवावा लागेल म्हणाल्या. तसं निघालं तर औषधं बदलणार, कदाचित मोठ्या दवाखान्यात राहावं लागणार. चंपाला सोडून?

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "गोळ्या तू घेतेस," त्या म्हणाल्या, "पण जेवतंय कोण?"

सुमित्राक्काने सगळं सांगून टाकलं, अंड्यांच्या पोळीसकट. आत्ती शेजारीच बसली होती, तिने सगळं ऐकलं.

आत्तीच्या खात्यात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, कारण रेशनकार्डावर घरची मुख्य बाई ती. ते पैसे ती टीव्हीसाठी साठवत होती. वाडीत आपल्याकडेच टीव्ही नाही हे तिला फार लागायचं. घरी आल्यावर तिने पासबुक माझ्या नवऱ्यापुढे ठेवलं. घरच्यांची अंडी, डाळ आता ह्यातून आणायची, सुनेच्या पैशाला कुणी हात लावायचा नाही. नवरा म्हणाला, मग टीव्ही?

"टीव्ही फुडल्या वर्साला बी गावंल," आत्ती म्हणाली. "ही गावनार न्हाई."

मी चुलीकडे तोंड करून रडले, लाज वाटली नाही. त्या दिवसापासून आत्ती मला सगळ्यांच्या आधी जेवायला बसवायची. दोन उकडलेली अंडी, डाळ, भात. मी अर्धं अंडं चंपाकडे सरकवलं की हातावर चापटी बसायची. सासूची चापटी इतकी गोड लागते हे मला ठाऊक नव्हतं.

तपासणीचं उत्तर आलं. जंतू औषध मानणाराच होता! पुढच्या तपासणीत थुंकी स्वच्छ निघाली. काटाही हलायला लागला. अडतीस, चाळीस, साडेएकेचाळीस. वाडीतल्या बायका भात कांडायच्या गिरणीत भेटल्या की आधी वजन विचारायच्या.

शेवटच्या तपासणीला काटा चव्वेचाळीसवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर बरी झाल्याचं लिहिलं आणि आत्तीने तो कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. तिला वाचता येत नाही, तरी बसमध्ये दोनदा उघडून बघितला.

तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला, तर गोळ्या मोजा आणि ताटही बघा. पैसे आजाऱ्याच्या खात्यात येतात, तोंडापर्यंत ते घरच्यांनी पोचवायचे असतात.

त्या दिवशी घरी आल्यावर मी अंडी उकडली. आत्ती सवयीने पळी घ्यायला आली, मी ती मागे लपवली. आठ वर्षांत तिला मी कधी सगळ्यांच्या आधी जेवताना बघितलं नव्हतं. पाट मांडला, दोन अंडी वाढली.

"आत्ती, बसा," मी म्हटलं. "आज पयलं ताट तुमचं."