बिराप्पाचा तिसरा कौल

माडग्याळी मेंढ्याचं नाक बाकदार असतं आणि त्याच्या मालकाचं वर. जतकडच्या बिराप्पाचं तर फारच वर, कारण त्याच्या मेंढ्याला बघायला पार कवठे महांकाळहून माणसं यायची.

हा गडी भित्रा मुळीच नव्हे. मेंढा टाकीवर आडवा, मोबाईल खांद्यात दाबलेला, अशी मोटरसायकल हाणायचा. समोरून टँकर आला तर बाजूला टँकरनं व्हायचं. पण जनावरांच्या डॉक्टरची सुई दिसली की घामाघूम.

चार वर्षांमागं इंजेक्शन दिल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची एक मेंढी मेली होती. गेल्या पावसाळ्यात इंजेक्शन टाळलं, तर कोवळा चारा खाऊन आंत्रविषारानं अकरा गेल्या. त्या अकरांची म्हणे वेळच भरली होती. त्या एकीला मात्र डॉक्टरनं मारलं.

यंदा पाऊस तोंडावर आला, डॉक्टर ऋषिराज यायचा दिवस उजाडला. मेंढ्याला सुई लावू द्यायची की न्हाई, यावर बायकोशी जुंपली.

"आवं, एक मेली ती ध्यानात हाय," रंगुबाई म्हणाली, "अकरा मेल्या त्या कुटं गेल्या?"

"तुला न्हाई कळायचं. बिरोबाला इचारून येतो."

देवळात पुजारी ज्ञानूनं देवाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर सुई द्यायची, डावी पडली तर नाही. उजवी पडली. बिराप्पा म्हणाला, वारं लय हाय. दार लावून पुन्हा कौल. पुन्हा उजवी. मग त्यानं स्वतः पाकळ्या निवडल्या आणि उजवीला जरा जास्तच पाणी लावायला लावलं. डावी पडली. देव बोलला म्हणून त्यानं नारळ फोडला. ज्ञानूही सुटला, त्याचा चहा कधीचा गार झाला होता.

घरी येतो तर डॉक्टर हात धूत होते. सगळा कळप टोचून झालेला. मेंढासुद्धा.

बिराप्पा तिन्हीसांजेपर्यंत मेंढ्यापाशी बसून राहिला. मेंढा शिंकला तरी ह्याचे डोळे भरायचे. दुसऱ्या दिवशी मेंढ्यानं शेजारच्या अर्जुनाचं फाटक धडकून पाडलं, तेव्हा कुठं ह्याच्या घशाखाली भाकरी उतरली.

फाटक उभं करता करता तो अर्जुनाला समजावत होता, "तीनदा कौल लावला म्हणून सोसली रं सुई. न्हाईतर गेलाच हुता."

रंगुबाई चुलीपुढनं ऐकत होती.

"फुडच्या साली बी लावा की कौल," ती म्हणाली. "फकस्त डॉक्टर यायच्या दिवशीच लावा. आन् मेंढा हितंच ठिऊन जावा."