मलाही दिसणार नाही अशी सोय

कॉलेज संपवून बाहेर पडले तेव्हा पुण्यात जो तो कॉम्प्युटरबद्दल बोलत होता. बरोबरीची निम्मी मुलं परदेशी जायच्या तयारीत होती. मी आणि माझ्या एका मैत्रिणीनं मात्र कर्वे रस्त्यामागे एक खोली भाड्यानं घेतली आणि दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायला लागलो. घरी कुणी विरोध केला नाही. वडील सरकारी कचेरीत होते, आई येरवड्याला महापालिकेच्या शाळेत शिकवायची. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात शिकलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत होती, आणि मी तर इंजिनिअर झाले होते.

सदाशिव पेठेत एक मनोविकारतज्ज्ञ बाई होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला तुटक. त्यांना रुग्णांची नोंद कॉम्प्युटरवर हवी होती. मी मोठ्या हौसेनं माझा तयार नमुना घेऊन गेले. स्क्रीनवर रकानेच रकाने होते : नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव, व्यवसाय, जात, घरात माणसं किती. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"जात कशाला?"

"सगळ्याच फॉर्मवर असते, मॅडम."

"जातीवरून गोळी बदलते का?"

शाळेच्या दाखल्यापासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत त्या रकान्यापाशी दर वेळी माझा हात जरा थबकत आला होता. आणि आज तोच रकाना मी स्वतः आखून आणला होता, कारण तो असतोच.

"काढते," मी म्हटलं.

"पत्ताही काढा. मी कुणाकडे हळदीकुंकवाला जात नाही."

मग नवऱ्याचं नाव गेलं, व्यवसाय गेला, घरातली माणसं गेली. प्रत्येक रकान्याला त्या एवढंच विचारत होत्या, याचं मी काय करणार? बहुतेकांचं त्या काहीच करणार नव्हत्या. शेवटी पडद्यावर इतकं थोडं उरलं, की हे दाखवून काम मिळणार कसं असं मला वाटायला लागलं.

"नाव लागेल," त्या म्हणाल्या. "पण मला लागेल. बाहेर बसणाऱ्या बाईंना नंबर पुरे. आणि तुम्हालाही नाव दिसायला नको."

"पण मॅडम, मीच बनवणार. मला तर दिसणारच."

"मग तुम्हालाही दिसणार नाही असं बनवा. जमत नसेल तर आत्ताच सांगा."

हे त्यांनी अजिबात आवाज न चढवता सांगितलं. मग खिडकीकडे बोट केलं. "माझ्याकडे येणारा माणूस आधी पलीकडच्या दुकानात उभा राहतो. ओळखीचं कुणी नाही अशी खात्री झाली की मगच जिना चढतो. वर आल्यावरसुद्धा अर्धं बोलतो, अर्धं गिळतो. तुमच्या यंत्रामुळे त्यानं आणखी गिळायला नको."

तोपर्यंत माझी समजूत अशी, की चांगलं सॉफ्टवेअर म्हणजे सगळं दाखवणारं. लपवणारं सॉफ्टवेअर कसं करतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी बुधवार पेठेतून जुनी पुस्तकं आणली, बंगळुरूच्या एका वर्गमित्राला फोन करून पिडलं. कितीदा तरी केलेलं मोडलं. अखेर एक रचना जमली. नावं एकीकडे, दुखणी दुसरीकडे, आणि कोणतं नाव कोणत्या दुखण्याचं हे फक्त बाईंचा पासवर्ड दिला तरच कळणार. तो नसेल तर नावांच्या जागी नुसती अगम्य अक्षरं.

"पासवर्ड विसरलात तर मीसुद्धा काही करू शकणार नाही," मी बजावलं.

"छान," बाई म्हणाल्या. "म्हणजे जमलं."

त्या दिवसांत घरी जेवताना माझ्या बोलण्यात दुसरा विषय नसायचा. अशा एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे कोण येतं ते कुणालाच कळत नाही, मलासुद्धा नाही, असं मी रंगवून सांगायची. वडील हसायचे. आई आमटी वाढत ऐकायची.

पुढे दर महिन्याला मी दवाखान्यात जाऊन सगळं ठीक आहे ना ते पाहायची आणि माहितीची एक प्रत आमच्या ऑफिसात आणून ठेवायची. आधी मंगळवारी जात असे. एकदा बाई म्हणाल्या, "यापुढे गुरुवारी दुपारी या. दवाखाना बंद असतो." कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

एक दिवस आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आले. मैत्रिणीच्या दूरच्या ओळखीतले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी गोड. त्यांच्या पुतण्यासाठी एक स्थळ आलं होतं.

"मुलगी चांगली आहे हो. पण कुणीतरी म्हणालं, त्या पेठेतल्या बाईंकडे जाते. तुमच्याकडे त्यांची सगळी माहिती असते म्हणे. फक्त हो की नाही एवढं सांगा."

"मला दिसत नाही."

"असं कसं? तुम्हीच केलंय ना?"

मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. ओळीमागून ओळी, एकाही अक्षराचा अर्थ लागत नव्हता. ते वाकून बघत राहिले.

"मग तुम्ही सांभाळता तरी काय?" ते जरा चिडून म्हणाले आणि निघून गेले.

ते गेल्यावर मी पुन्हा त्या पडद्याकडे पाहिलं. मला धीट व्हावं लागलं नव्हतं. खोटं बोलावं लागलं नव्हतं. ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं हा पेचसुद्धा पडला नव्हता. कुठल्या तरी घरातली एक मुलगी, जी मला ठाऊक नाही आणि जिला मी ठाऊक नाही, ती कदाचित त्या ओळींत होती, कदाचित नव्हती. आणि जगातली कितीही गोड जीभ तिला तिथून बाहेर काढू शकत नव्हती. आपल्या हातून असं काही घडू शकतं याचं मला तेव्हा नवल वाटलं. थोडी भीतीही वाटली, विहारात एकटं असताना वाटते तशी.

वर्षं गेली. आमची खोली सुटली, मैत्रीण परदेशी गेली, मी एका मोठ्या कंपनीत लागले. बाईंनी दवाखाना बंद केला तेव्हा त्यांच्यासमोर मी सगळी माहिती पुसून दिली.

मग एका रविवारी सकाळी माहेरी असताना पेपरात त्यांच्या निधनाची बातमी दिसली. मी ती मोठ्यानं वाचली. आई गवार निवडत होती. तिचे हात थांबले.

"मी जात होते त्यांच्याकडे," ती म्हणाली.

"कोणाकडे?"

"त्या बाईंकडे. तूच सांगायचीस ना जेवताना? तिथे कुणाला काही कळत नाही म्हणून."

आई सांगत गेली. वर्गाच्या दारात तिची छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. नेमकं तेव्हा माझं लग्न ठरत होतं. कुणाला कळलं तर काय, या धास्तीनं तिनं वडिलांनाही सांगितलं नाही. बुधवार पेठेत शाळेची पुस्तकं आणायला जाते म्हणून निघायची.

"पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, हा कॉम्प्युटर माझ्या लेकीनं केलाय, तिला माझं नाव दिसेल. तर त्या म्हणाल्या, तिला दिसणार नाही ही सोय तिनंच करून ठेवलीय. मग मी सगळं बोलले. तोवर बोलायचंच नाही असं ठरवून गेले होते."

तेव्हा कुठे मला तो गुरुवार उमगला. जिन्यात आमची गाठ पडू नये म्हणून बाईंनी माझा वार बदलला होता. पुढची कितीतरी वर्षं त्या माझ्यासमोर चहा घेत बसल्या, आणि माझ्या आईचं गुपित त्यांच्यापाशी आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर एकदाही उमटलं नाही. आणि मी? दर महिन्याला माझी आई माझ्याच बोटांखालून जात होती. तिचं नाव त्या अर्थहीन अक्षरांत कुठेतरी होतं, आणि मी ती प्रत पिशवीत टाकून, रिक्षानं, कसलाही विचार न करता ऑफिसला नेत होते.

"मी तेव्हा घरात होते ग," मी म्हटलं. "मला सांगायचंस."

"तुला सांगता येत नव्हतं म्हणून तर तिकडे गेले." आईनं हे इतक्या सहज म्हटलं, की मला वाईटही वाटेना. "आता बरी आहे मी. केव्हाची. आता सांगू का, काय व्हायचं ते?"

"सगळं नको. वाटेल तेवढंच सांग."

तिनं गवारीची परात बाजूला सारली, पाय लांब केले आणि शाळेतल्या त्या सकाळपासून सुरुवात केली, जेव्हा मुलं हजेरीसाठी ताटकळत होती आणि तिला उंबरा ओलांडता येत नव्हता.